तुटलेला हार्नेस काय सांगतो?

आपल्या समाजातील अनेक घरांत अलीकडे कुत्रा हा कुटुंबाचाच घटक झाला आहे. पूर्वी पेढीच्या अथवा गोदामाच्या दाराशी राखणीपुरते कुत्रे असे. त्याला रोजची भाकरी नेमाने मिळे. पण त्याच्या गळ्यात पट्टा नसे आणि त्याचा मुक्काम मोकळ्या गल्लीतच असे. आता मुलांच्या हौसेखातर लॅब्रेडॉर, पोमेरेनियन, पग किंवा एखादे देशी पिल्लू घरात येते. त्याच्यासाठी खाण्याची भांडी, अंथरूण, दोरी आणि छातीवरून बांधायचा हार्नेस अशी सारी खरेदी होते. दोन-चार महिन्यांतच परिचितांकडून एक तक्रार ऐकू येते : ‘बाहेर बांधून दुकानात गेलो की हा हार्नेस चावून तोडतो. दुसरा जाड आणला, तोही तोडला. याहून मजबूत कोणता मिळेल?’

अधिक मजबूत हार्नेस हे या प्रश्नाचे उत्तर नाही, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. हार्नेस हे कुत्र्याला फिरायला नेण्याचे साधन आहे. त्याला एकटे बांधून ठेवण्याचे नव्हे. कुत्रा तो वारंवार चावून तोडतो, त्याअर्थी त्याची कोणती तरी गरज अपुरी राहिलेली असते. ती ओळखली तर चावणे थांबते. ती न ओळखता केवळ पट्टा बदलत राहिलो तर पैसा जातोच, शिवाय प्राण्याच्या जिवालाही धोका निर्माण होतो.

हार्नेस कशासाठी असतो?

गळपट्ट्याला दोरी लावून कुत्र्याला फिरवताना त्याने ओढ घेतली की सारा ताण गळ्यावर आणि श्वासनलिकेवर येतो. पोमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका मुळातच नाजूक असते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना श्वासाचा त्रास असतोच. हार्नेसमुळे हा ताण छाती आणि खांदे यांवर विभागला जातो. या कामासाठी तो उत्तम आहे. परंतु त्याच्या पट्ट्या अंगाभोवती अनेक ठिकाणी फिरवलेल्या असतात, आणि त्यांतील छातीवरची व खांद्याजवळची पट्टी मान वळवली की कुत्र्याच्या तोंडात सहज येते. हार्नेस सैल असेल तर अधिकच सहज.

प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. समोरच्या सुळ्यांचा आपल्याला धाक वाटतो. पण पट्टी कापण्याचे काम करतात ते मागचे, कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकांवरून सरकणारे दात. कुत्रा पट्टी तोंडाच्या एका बाजूला घेऊन चघळताना दिसतो तो याच कारणाने. नायलॉनची विणलेली पट्टी ओढीला भक्कम असते, कारण ओढताना सर्व धागे मिळून ताण सोसतात. त्या दातांखाली मात्र धागे एकेक करून तुटू लागतात. म्हणूनच मोठ्या कुत्र्याची ओढ वर्षानुवर्षे सोसणारी पट्टी एका दुपारी, काही मिनिटांत दोन तुकडे होऊन पडते.

क्षुल्लक वाटणारा पण गंभीर धोका

हार्नेस तुटल्याने होणारे पहिले नुकसान सर्वांना कळते. कुत्रा सुटतो, रस्त्यावर धावतो, वाहनाखाली सापडतो किंवा हरवतो. दुसरे नुकसान सहसा लक्षात येत नाही. तोडलेल्या पट्टीचा काही भाग त्याच्या पोटात जातो.

आमच्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांचा कुत्रा दुकानामागच्या चौकात दिवसभर बांधलेला असे. त्याने तिसरा हार्नेस तोडला तेव्हा घरच्यांनी तुकडे गोळा करून टाकून दिले. दुसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले, तिसऱ्या दिवशी त्याला सतत उलट्या होऊ लागल्या. उन्हाळ्याने पोट बिघडले असेल असे समजून आणखी एक दिवस गेला. अखेर पशुवैद्यांनी तपासणी करून शस्त्रक्रिया केली, तेव्हा आतड्यातून नायलॉनच्या धाग्यांची लांब गुंतवळ निघाली. कुत्रा वाचला; पण आणखी एका दिवसाचा विलंब झाला असता तर वाचला नसता, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. एखादा खडा किंवा बी पोटात गेली तर पुष्कळदा ती पुढे सरकून बाहेर पडते. लांब धाग्याचे तसे नसते. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकून बसते आणि उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडे तो पुढे ढकलू पाहते, पण धागा हलत नाही. मग पायजम्याची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तसे आतडेच त्या धाग्यावर गोळा होते, आणि ताणलेला धागा त्याच्या भिंतीला कापू लागतो.

म्हणून हार्नेस तुटलेला आढळला की प्रथम सर्व तुकडे जमिनीवर जुळवून पाहावेत. जमाखर्चात फरक आला की आपण तो शोधल्याशिवाय वही मिटत नाही. येथेही तोच नियम पाळावा. तुकडा कमी भरत असेल तर पशुवैद्यांना लगेच कळवावे, उरलेला हार्नेस सोबत न्यावा. उलट्या, अन्नावरची वासना जाणे, पोटाला हात लावू न देणे, शौचास न होणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. तोंडातून अथवा गुदद्वारातून धागा बाहेर दिसत असला तरी तो ओढून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ओढल्याने आतडे फाटू शकते. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपायही करू नये. त्यानेच विषबाधा होऊ शकते.

चावण्यामागची कारणे

तीच कृती निरनिराळे कुत्रे निरनिराळ्या कारणांनी करतात. त्यामुळे उपाय ठरवण्यापूर्वी निदान आवश्यक आहे.

पहिले कारण वयाचे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे समोर येईल ते पिल्लू चावते. हा खोडकरपणा नव्हे. पुढेही वर्ष-दीड वर्षापर्यंत चावण्याची ओढ बरीच टिकून असते.

दुसरे कारण शरीराला होणाऱ्या त्रासाचे. हार्नेस घट्ट असेल तर पुढच्या पायांच्या काखेत तो घासतो, तेथील केस जातात, कातडी लाल होते. पावसाळ्यात ओला हार्नेस अंगावर राहिला की खाज सुटते, कातडीला संसर्ग होतो. पट्टीखाली गोचिडी किंवा पिसवा लपल्या असतील तरीही कुत्रा तेथेच तोंड घालतो. अशा वेळी तो हार्नेस चावत नसतो, तर खाज मिटवू पाहत असतो. पट्टी केवळ मध्ये येते.

तिसरे कारण रिकामपणाचे. कुत्रा हा वास घेणारा, हिंडणारा, संगतीत राहणारा प्राणी आहे. चार-सहा तास एका खांबाला बांधलेल्या अशा प्राण्याजवळ करण्यासारखे एकच काम उरते आणि ते त्याच्या छातीवरच बांधलेले असते.

चौथे कारण भीतीचे. काही कुत्र्यांना माणसे दृष्टीआड झाली की अतिशय अस्वस्थता येते. दिवाळीतील फटाके, लग्नाच्या वरातीतील वाद्ये, ढगांचा गडगडाट यांनीही कित्येक कुत्रे भेदरतात. बांधलेल्या प्राण्याला पळून लपता येत नाही. मग तो बंधनच तोडू पाहतो.

पाचवे कारण अगदी साधे असते. सावली सरकलेली असते, पाण्याचे भांडे उपडे झालेले असते, अथवा त्याला लघवीला जायचे असते. आपल्या जागेपाशी घाण न करण्याची सवय आपणच लावलेली असते. ती पाळण्यासाठी तो सुटू पाहतो.

यांपैकी कोणते कारण लागू आहे हे ठरवण्याचे साधन आज बहुतेक व्यापाऱ्यांच्या हाती आहे. दुकान आणि बंगला यांवरील सीसीटीव्ही कॅमेरा चोरासाठी लावलेला असतो. तो एक-दोन दिवस कुत्र्याकडे वळवावा. आपण निघाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच तो येरझारा घालतो, रडतो, लाळ गाळतो आणि पट्टीवर तुटून पडतो, असे दिसले तर ते एकटेपणाचे भय आहे. तास-दोन तास निवांत झोपून उठल्यावर तो आळसावून चघळू लागतो, असे दिसले तर तो रिकामपणा आहे. पट्टीची एकच जागा पुन्हापुन्हा चावली जात असेल तर त्याखालची कातडी तपासावी. दुपारी ठरावीक वेळीच चावणे सुरू होत असेल तर त्या वेळी ऊन कोठवर येते ते पाहावे.

उपायांचा क्रम

पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे फिरून आल्यावर हार्नेस काढून खुंटीला लावणे. जो अंगावर नाही तो चावला जात नाही, गुंतत नाही आणि काखेत घासतही नाही. ओळखीसाठी गळ्यात साधा, हलका पट्टा आणि त्यावर आपला फोन क्रमांक कोरलेली चकती पुरेशी आहे.

‘मग बाहेर ठेवायचे कसे?’ असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर असे की, बांधण्याऐवजी जागा बंदिस्त करावी. पोर्चला किंवा मागच्या अंगणाला जाळीचे फाटक, जिन्याखाली अथवा ओसरीत पुरेशी ऐसपैस, हवेशीर, छप्पर असलेली जागा, खाली कोरडे अंथरूण आणि सहज न उलटणारे जड बुडाचे पाण्याचे भांडे एवढी व्यवस्था बहुतेक घरांत होऊ शकते. चांगल्या प्रतीचे चार-पाच हार्नेस आणि एक शस्त्रक्रिया यांच्या खर्चात जाळीचे फाटक बसते. दुकानातच जागा असेल तर गल्ल्यामागे, आपल्या पायाशी पडून राहणे हे कुत्र्याला सर्वांत प्रिय असते.

दुसरा उपाय, निघण्यापूर्वीची अर्धा-पाऊण तासाची फेरी. भरभर चालवून आणण्यापेक्षा त्याला थांबून वास घेऊ द्यावा. त्याने तो अधिक तृप्त होतो. मलमूत्र उरकलेला, पाय मोकळे झालेला कुत्रा पुढचे दोन-तीन तास झोपेत काढतो. हे काम नोकरावर सोपवताना तो खरोखर फिरवतो की कोपऱ्यावर उभा राहून परत येतो, याकडेही लक्ष असावे.

तिसरा उपाय, चावण्यासाठी योग्य वस्तू देणे. चावण्याची ओढ नैसर्गिक आहे. ती दाबून टाकता येत नाही, वळवता येते. येथे आपल्या घरांत एक अडचण उभी राहते. बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या बहुतेक कांड्या जनावरांच्या कातडीच्या किंवा हाडांच्या असतात, आणि त्या आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. त्यांना पर्याय आहेत. पोकळ रबरी खेळणी मिळतात. त्यांत मऊ खिचडी किंवा दहीभात भरून ती गोठवून दिली तर कुत्रा बराच वेळ ते चाटून काढण्यात गुंततो. पिल्लासाठी स्वच्छ सुती फडक्याची गाठ ओली करून गोठवून द्यावी; थंडाव्याने हिरड्यांना आराम पडतो, मात्र ती आपल्या देखतच द्यावी. काकडीच्या फोडी बहुतेक कुत्र्यांना आवडतात. दुधापासून बनवलेल्या, वाळवलेल्या कडक वड्याही मिळतात. परंतु कोणतीही वस्तू देताना अंगठ्याचे नख तिच्यात थोडे तरी रुतते का ते पाहावे. नख न रुतणारी वस्तू दात फोडते. खेळणे त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढे मोठे असावे.

याच ओघात एक सूचना. सांगली-तासगाव भागात बेदाण्याचा व्यापार करणारी आपली अनेक कुटुंबे आहेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, अगदी थोड्या प्रमाणातही. गोदामात कुत्रा मोकळा ठेवताना किंवा प्रेमाने मूठभर सुका मेवा देताना हे ध्यानात ठेवावे. चॉकलेटही तितकेच वर्ज्य.

चौथा उपाय, हार्नेसशी मैत्री. पुष्कळ कुत्र्यांना हार्नेस दिसला की मालक बांधून निघून जातो, हाच अनुभव असतो. ही सांगड मोडावी लागते. पहिले काही दिवस हार्नेस फक्त दाखवावा आणि आवडता खाऊ द्यावा. मग अंगावर चढवावा, खाऊ द्यावा, लगेच काढावा. नंतर तो घालून दोन मिनिटे आपल्यासमोर बसवावे. चावायला तोंड वळवले तर न ओरडता खेळणे पुढे करावे आणि ते घेतल्यावर शाबासकी द्यावी. माप असे असावे की पट्टी आणि अंग यांमध्ये दोन बोटे जेमतेम सरकावीत. याहून सैल पट्टीत खालचा जबडा अडकतो आणि घाबरलेला कुत्रा स्वतःला जखमी करून घेतो.

एकटेपणाचे भय असेल तर त्याचीही सवय याच पद्धतीने, पायरीपायरीने लावावी लागते. किल्ल्या उचलाव्यात आणि पुन्हा खाली बसावे. दाराबाहेर जाऊन अर्ध्या मिनिटात परतावे. मग दोन मिनिटे, पाच मिनिटे, पंधरा मिनिटे. तो अस्वस्थ झाला तर एक पायरी मागे यावे. यास काही आठवडे लागतात. भय तीव्र असेल तर पशुवैद्य औषधेही देऊ शकतात; ती त्यांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

पाचवा उपाय कडू लेपाचा, आणि तो पाचवाच असावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात कडू चवीचे फवारे मिळतात. यांतील काहींत डेनाटोनियम हा पदार्थ असतो. स्कॉटलंडमध्ये १९५८ मध्ये शोधला गेलेला हा पदार्थ जगातील अत्यंत कडू पदार्थांपैकी आहे. फवारा पट्टीवर मारून वाळू द्यावा आणि दररोज पुन्हा मारावा. पावसाने व लाळेने तो धुऊन जातो. काही कुत्र्यांना कडूपणाचे काही वाटत नाही. ज्याला वाटते तो पट्टी सोडतो, पण कारण दूर झाले नसेल तर मग दार, पायपुसणे किंवा स्वतःचा पाय चावू लागतो. म्हणून हा आधार आहे, उपचार नव्हे.

बांधणे अपरिहार्य असेल तर

घराचे काम चालू आहे, पाहुण्यांची लहान मुले आली आहेत, फाटक नाही, अशा प्रसंगी थोडा वेळ बांधणे टाळता येत नाही. त्यासाठी प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली लवचीक पोलादी तार मिळते. ती सहसा दाताने तुटत नाही आणि साखळीपेक्षा पुष्कळ हलकी असते. तिच्या दोन्ही टोकांना फिरती कडी असावी, म्हणजे तिला पीळ बसत नाही. ती गळपट्ट्याला न लावता हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावावी, म्हणजे तोंड तेथे पोहोचत नाही आणि झटका बसला तरी गळ्याला बसत नाही. हार्नेस बांधण्यासाठी वापरण्याचा हा एकच प्रसंग, आणि तोही आपली नजर असेपर्यंतच.

तारेची लांबी एवढी असावी की सावली, पाणी आणि अंथरूण तिन्ही ठिकाणी जाता यावे. पण भिंत, कठडा किंवा जिना गाठता येऊ नये. कठड्यावरून उडी मारून लोंबकळल्याने कुत्रे दगावतात. गच्चीवर किंवा बाल्कनीच्या गजाला कधीही बांधू नये. मार्च ते जून या काळात फरशीवर आपल्या हाताचा पंजा पाच-सात सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. मोकाट कुत्री येत असतील तेथे तर बांधूच नये. बांधलेल्या प्राण्याला पळण्यास वाट नसते. म्हणून तो एक तर मार खातो किंवा चावतो.

हे करू नये

पट्टीला तिखट चोळणे, तंबाखूचे पाणी किंवा फिनाईल लावणे हे प्रकार आजही सुचवले जातात. तिखटाने डोळे व नाक पोळतात. तंबाखू आणि फिनाईल ही विषे आहेत. जाड लोखंडी साखळी हाही उपाय नव्हे. अस्वस्थ कुत्रा साखळीही चावतो. फरक एवढाच की आता साखळीऐवजी त्याचे दात झिजतात आणि सुळे मोडतात.

परत आल्यावर तुटका हार्नेस त्याच्या तोंडासमोर धरून मारणे किंवा रागावणे हे सर्वांत निरुपयोगी. ‘बघा, त्याला चूक कळते, कसा मान खाली घालतो,’ असे आपण म्हणतो. अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालक रागावले की कुत्र्याच्या चेहऱ्यावर तो अपराधी भाव उमटे, मग त्याने चूक केलेली असो वा नसो. म्हणजे तो भाव पश्चात्तापाचा नसून आपल्या रागाच्या भीतीचा असतो. आधीच भेदरलेल्या प्राण्याला मालकाचे परत येणेही भयावह वाटू लागले, तर तो उद्या अधिकच चावेल.

बंध हा अतिचार

या प्रश्नाकडे आपल्या श्रावकधर्माच्या दृष्टीनेही पाहणे उचित ठरेल, कारण या विषयाचा त्यात थेट विचार झालेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, आणि त्यांत ‘बंध’ म्हणजे प्राण्याला बांधून त्याच्या इच्छित हालचालीला अटकाव करणे, हा पहिला आहे. अन्नपाण्यावाचून ठेवणे हाही त्याच पाचांतील एक. आपण मुंगीला जपतो, पाणी गाळून घेतो. परंतु अंगणात दिवसभर बांधलेल्या कुत्र्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहतो.

शास्त्रकारांना गृहस्थाच्या अडचणी ठाऊक होत्या. गाय-बैल बाळगणाऱ्याला ते बांधावे लागणारच. म्हणून श्रावकाचारावरील जुन्या टीकांमध्ये निष्कारण बंध आणि सकारण बंध असा भेद केला आहे, आणि सकारण बंधातही निरपेक्ष व सापेक्ष असे दोन प्रकार मानले आहेत. हालचाल करता येणार नाही असे निर्दयपणे आवळून बांधणे तो निरपेक्ष बंध. हालचालीस वाव ठेवून, आग लागण्यासारख्या प्रसंगी चटकन सुटेल अशा सैल गाठीने बांधणे तो सापेक्ष बंध. पशुवैद्य आज फिरती कडी, पुरेशी लांबी, सावली आणि चटकन उघडणारे बक्कल यांविषयी जे सांगतात, त्यामागचा विचार हाच आहे.

देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अथवा दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही मालकाचा गुन्हाच मानला आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच लिहिलेला आहे. दंडाच्या भीतीने कोणी सुधारेल असा हा आकडा नाही; तेव्हा भिस्त आपल्या विवेकावरच आहे.

या विवेकाची परंपरा आपल्याकडे आहे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी बांधवांनी मोठा उठाव केला आणि त्यांना जैन व हिंदू व्यापाऱ्यांचीही साथ मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच आपले मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. त्या व्यापाऱ्यांनी प्राण्यांना जागा उपलब्ध करून दिली. आपल्या अंगणातल्या एका प्राण्यासाठी आपल्याला तेवढेच, फार लहान प्रमाणावर, करायचे आहे.

वर्षातील अवघड दिवस

चातुर्मासात सकाळी सारे कुटुंब प्रवचनाला जाते, पर्युषणात तर दिवसाचा बराच वेळ घराबाहेर जातो. नेमके हेच दिवस पावसाचे असतात. या काळात घरातील एकाने पाळीपाळीने आधी कुत्र्याची फेरी उरकण्याचे ठरवावे, आणि त्याला कोरड्या, आडोशाच्या जागी हार्नेसविना ठेवावे. भिजून आल्यावर अंग आणि हार्नेस दोन्ही पुसून कोरडे करावेत. दिवाळीत, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, कुत्र्याला बाहेर मुळीच बांधू नये. आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, शक्य तर कोणाच्या तरी सोबतीने ठेवावे. चोपडापूजनासाठी सर्वजण पेढीवर जाणार असतील तर हा विचार आधीच करून ठेवावा.

शेवटी एक साधे काम सुचवावेसे वाटते. घरातल्या मुलांपैकी एकाकडे छोटी वही द्यावी आणि सात दिवस त्यात रोज कुत्रा किती तास बांधलेला होता, किती वेळ फिरला आणि किती वेळ माणसांत होता, हे तीन आकडे लिहायला सांगावे. बांधल्याचे तास आपल्या अंदाजापेक्षा बहुधा अधिक निघतील. तो आकडा पुढच्या आठवड्यात निम्म्यावर आणण्याचा प्रयत्न करावा. नवीन हार्नेस घ्यावा लागतो की नाही, हे त्यानंतर ठरवावे.